सात अंगठ्यांचा हॉरी बाहेर, पावणेसहा गुणांचा वॉलेस आत: हा वाद घालायचा कसा?

वाचकाचं पत्र

आम्ही दहा-बारा जण नागपुरात दर रविवारी सकाळी कोर्टावर जमतो. खेळ तासभर होतो, वाद दोन तास. एप्रिलमध्ये बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये (खेळातल्या दिग्गजांच्या सन्मानदालनात) निवडलेल्यांची यादी आली की भांडण ठरलेलंच, पण या वेळी ते हाताबाहेर गेलं. आमच्यातले सगळ्यात मोठे दादा म्हणतात, रॉबर्ट हॉरीकडे विजेतेपदाच्या सात अंगठ्या असून तो बाहेर आणि सामन्यामागे ५.७ गुण करणारा बेन वॉलेस आत, हा उघड अन्याय आहे. दुसऱ्याचं म्हणणं, वीस हजार गुण करणाऱ्या टॉम चेंबर्सला दारात उभं करत नाहीत आणि जेमतेम आठ हंगाम खेळलेला याओ मिंग मात्र चिनी बाजारपेठेच्या जोरावर आत जातो. शब्दाला शब्द लागला, दादा उठून गेले. दोन रविवार झाले, आलेले नाहीत. आता आपलं आपण रीतसर मतदान घ्यायचं असं आम्ही ठरवलंय. निकष काय ठेवावेत, कोणते आकडे धरावेत आणि पुन्हा भांडण होऊ नये म्हणून काय करावं?

— एक वाचक, नागपूर

उत्तर

नमस्कार,

मतदानाचं नंतर बघू. आधी दादांना फोन करा, कारण त्यांच्याशिवाय हा खेळ रंगणार नाही. शिवाय चूक एकट्या दादांची नाही. तुमच्यातला एक जण ‘हॉलने कुणाला घेतलं’ यावर बोलत होता, दुसरा ‘कुणाला घ्यायला हवं होतं’ यावर, आणि तिसरा ‘हा हॉल मुळात कशासाठी आहे’ यावर. तीन प्रश्न एका श्वासात आले की दर वाक्याला समोरचा खोटं बोलतोय असंच वाटतं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लागलं की अर्धा वाद तिथेच मिटतो. हा एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक साखळीचा, हॉल नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डमध्ये डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ शोधला, आणि त्याच गावात त्यांच्या नावाचा हा हॉल आहे. पहिली तुकडी १९५९ ची. तो सगळ्या बास्केटबॉलचा आहे: कॉलेजचा, ऑलिंपिकचा, युरोप-दक्षिण अमेरिकेचा, महिलांचा, पंचांचा, प्रशिक्षकांचा, संघ उभे करणाऱ्यांचासुद्धा. जेरी वेस्ट १९८० मध्ये खेळाडू म्हणून आत गेले, २०१० मध्ये १९६० च्या ऑलिंपिक संघाबरोबर आणि २०२४ मध्ये संघबांधणीतल्या योगदानासाठी. तीनदा.

म्हणून ‘एनबीएत त्याने केलं काय?’ हा प्रश्न अपुरा पडतो. मनू जिनोबिलीची एनबीएतली सरासरी १३.३ गुणांची, ऑल-स्टार (दर हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या खास सामन्यात निवड) फक्त दोनदा. एवढंच बघितलं तर तो काठावरचा वाटेल. पण २००१ ची युरोलीग (युरोपातली क्लबांची सर्वोच्च स्पर्धा), चार एनबीए विजेतेपदं आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकचं सुवर्ण, तेही उपांत्य फेरीत अमेरिकेला ८९-८१ ने हरवून! त्याच्याबद्दल कुणी वाद घालत नाही. ब्राझीलचा ऑस्कर श्मिट एनबीएत एकही सामना खेळला नाही. १९८४ मध्ये न्यू जर्सी नेट्सने त्याला निवडलं होतं, पण तेव्हाच्या नियमांप्रमाणे तिथे गेला असता तर देशाकडून खेळता आलं नसतं, म्हणून त्याने नकार दिला. पाच ऑलिंपिक खेळला, २०१३ मध्ये आत गेला. ग्रीसचा निकोस गॅलिसही एनबीएत न खेळता २०१७ मध्ये गेला. राल्फ सॅम्पसनचे गुडघे एनबीएत लवकर गेले, पण व्हर्जिनियाकडून तो सलग तीन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला होता. त्या तीन वर्षांना स्प्रिंगफील्डमध्ये वजन आहे. तुमच्या कागदावर ‘एनबीएबाहेर’ असा एक रकाना हवाच. तो नसेल तर निम्मी यादी तुम्हाला अन्यायच वाटेल.

आता खरी निवड कशी होते ते बघा, कारण तुमचं मतदान त्याच साच्यावर बसवता येतं. उत्तर अमेरिकेतल्या उमेदवारांसाठी नऊ जणांची छाननी समिती असते. नऊपैकी सात मतं पडली तर उमेदवार अंतिम यादीत येतो. महिलांच्या समितीत सात जण आणि लागतात पाच मतं. मग २४ जणांच्या सन्मान समितीपुढे नावं जातात आणि आत जायला किमान १८ मतं लागतात, म्हणजे पंचाहत्तर टक्के. इथे क्रमवारी लावायची नसते. प्रत्येक नावावर स्वतंत्र हो किंवा नाही. याओ आत गेला म्हणून चेंबर्सची जागा गेली, हे म्हणणं या पद्धतीत टिकत नाही, कारण या अंतिम मतदानात जागा मोजलेल्या नाहीत. तुमच्या भांडणातला सगळ्यात मोठा गैरसमज हाच असावा.

मतदारांची नावं आणि त्यांची कारणं जाहीर होत नाहीत. ही गुप्तता मला खटकते. इतका मोठा सन्मान द्यायचा किंवा नाकारायचा, तर दोन ओळींचं कारण तरी द्यावं. पण ते दिलं जात नाही, म्हणूनच ‘त्यांनी अमुक कारणाने त्याला डावललं’ असं वाक्य तुमच्या बैठकीत कुणालाही बोलू देऊ नका. ते सिद्ध करता येत नाही आणि तेवढ्यावरच लोक उठून जातात.

आणखी एक. आज बाहेर असणं म्हणजे कायमचा नकार नव्हे. आर्टिस गिलमोर १९८९ पर्यंत खेळला आणि आत गेला २०११ मध्ये. कारकिर्दीची पहिली पाच वर्षं त्याने एबीए या प्रतिस्पर्धी साखळीत काढली. १९७६ मध्ये एबीएचे चार संघ एनबीएत आले, पण एबीएतले आकडे बरीच वर्षं कुणी मनावर घेत नव्हतं. याहून बोचरी गोष्ट चक कूपरची. १९५० मध्ये एनबीएच्या संघाने निवडलेला हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. महान खेळाडू बिल रसेलची निवड १९७५ मध्ये झाली तेव्हा तो सोहळ्याला गेलाच नाही. आपल्या आधी इतर कृष्णवर्णीय खेळाडूंचा मान होता, असं त्याचं म्हणणं होतं. कूपर २०१९ मध्ये आत गेला, आणि त्यानंतरच, ४४ वर्षांनी, रसेलने आपली हॉल ऑफ फेमची अंगठी स्वीकारली. हा वाद फुकाचा आहे असं कुणी म्हणालं तर ही हकिकत सांगा. पात्र कोण, या प्रश्नात खेळाने कुणाला किती काळ दाराबाहेर ठेवलं, हेही येतं.

आता आकडे. प्रत्येक उमेदवारासाठी एकच पान करा, जास्त नाही. त्यावर असावं: सर्वोत्तम पाच हंगाम, संपूर्ण कारकीर्द, प्ले-ऑफमधली (विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्यांतली) कामगिरी, पुरस्कार आणि एनबीएबाहेरचं काम. पाच सर्वोत्तम हंगाम वेगळे काढायचं कारण असं की एकूण बेरीज टिकाऊपणाला बक्षीस देते. पंधरा वर्षं बऱ्यापैकी खेळलेला आणि सहा वर्षं साखळीवर राज्य केलेला, दोघांची बेरीज सारखी येऊ शकते. दोघं सारखे नसतात.

काळाची गल्लत ही दुसरी मोठी चूक. १९६१-६२ मध्ये विल्ट चेंबरलेनने सामन्यामागे ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड (नेम चुकून परतलेले चेंडू) घेतले. पण तेव्हा एक संघ सामन्यात शंभराहून जास्त वेळा बास्केटकडे चेंडू टाकत होता, आज हा आकडा नव्वदीच्या आसपास असतो. शिवाय तेव्हा नेम जास्त चुकायचे. चुकलेला प्रत्येक चेंडू म्हणजे कुणाच्या तरी नावावर रिबाउंड. स्टील (चेंडू हिसकावणं) आणि ब्लॉक (फेक हवेत अडवणं) एनबीए १९७३-७४ पासून मोजते, तीन गुणांची रेषा आली १९७९-८० मध्ये, सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार १९८२-८३ पासून. ऑल-एनबीएचा (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीचा) तिसरा संघही १९८८-८९ पासूनच. त्यामुळे साठच्या दशकातल्या बचावपटूच्या पानावर पुरस्कारांचा रकाना रिकामा दिसेल, तो त्याचा दोष नव्हे. सोपा उपाय म्हणजे खेळाडूची तुलना फक्त त्याच्या दहा वर्षांतल्या, त्याच्याच जागेवर खेळणाऱ्यांशी करायची. ‘त्या काळात तो आपल्या जागेवर पहिल्या तिनात होता का, आणि किती वर्षं?’ हा प्रश्न मला कुठल्याही बेरजेपेक्षा जास्त सांगतो.

ऑल-स्टारची संख्या सांभाळून वापरा. सुरुवातीच्या पाच जणांची निवड बरीच वर्षं निव्वळ प्रेक्षकांच्या मतांवर व्हायची. २०१७ पासून प्रेक्षकांचं वजन निम्म्यावर आलं, बाकी खेळाडू आणि पत्रकारांकडे. ऑल-एनबीए संघ पत्रकार निवडतात, म्हणून मी त्याला ऑल-स्टारच्या दुप्पट मानतो. बास्केटबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळावर ‘हॉल ऑफ फेमची शक्यता’ म्हणून टक्केवारी दिसते, ती आणून कुणी वाद संपवायला बघेल. त्या सूत्रात उंची, विजेतेपदं, ऑल-स्टार निवडी, आकडेवारीच्या याद्यांतलं स्थान आणि ‘विन शेअर्स’चा (संघाच्या विजयांतला खेळाडूचा वाटा मोजणाऱ्या आकड्याचा) उच्चांक एवढंच आहे, सगळं एनबीएपुरतं. कॉलेज नाही, ऑलिंपिक नाही आणि बचावाचं मोजमाप फारच जुजबी. हॉल काय करेल याचा तो अंदाज आहे, हॉलने काय करावं याचं उत्तर नव्हे.

आता तुमची चार नावं.

वॉलेसपासून सुरुवात करतो, कारण दादांचा राग त्याच्यावर आहे आणि माझ्या मते तो चौघांत सगळ्यात निर्विवाद आहे. ५.७ हा आकडा खरा आहे, पण त्याला गुण करायला ठेवलंच नव्हतं. सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार चार वेळा: २००२, २००३, २००५, २००६. ऑल-एनबीए पाच वेळा. २००१-०२ मध्ये रिबाउंड आणि ब्लॉक दोन्हींत तो साखळीत पहिला होता. ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत) कुणीही न घेतलेला, सेंटरच्या (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या) मानाने बुटका, आणि त्याच्याभोवती उभ्या राहिलेल्या डेट्रॉइटने २००४ च्या अंतिम फेरीत लेकर्सला ४-१ ने हरवलं. गुणांच्या सरासरीवर त्याला तोलणं म्हणजे यष्टिरक्षकाला त्याने किती बळी घेतले हे विचारणं. डेनिस रॉडमनही ७.३ गुणांवर आत आहे, रिबाउंडमध्ये सलग सात हंगाम पहिला. वॉलेसला माझं मत: हो.

हॉरीबद्दल दादांच्या भावना मी समजू शकतो. २००५ च्या अंतिम फेरीतल्या पाचव्या सामन्यात त्याने २१ गुण केले ते जवळजवळ सगळे शेवटच्या टप्प्यात, आणि ५.८ सेकंद उरलेले असताना तीन गुणांचा तो फेक. असे क्षण त्याने एकदा नाही, अनेकदा दिले. पण सात अंगठ्यांमागे ओलाजुवान, शकील ओ’नील, कोबी, डंकन हे खांब होते. हॉरी कधीही ऑल-स्टार नव्हता, ऑल-एनबीए नव्हता, बचावाच्या सर्वोत्तम संघातही नव्हता. सरासरी ७ गुण, ४.८ रिबाउंड. इथे दादा के. सी. जोन्सचं उदाहरण काढतील, काढायलाच हवं: तोही कधी ऑल-स्टार नव्हता, सरासरी ७.४ गुणांची, आठ अंगठ्या, आणि आत आहे. फरक असा की जोन्सकडे सॅन फ्रान्सिस्कोकडून कॉलेजची दोन विजेतेपदं आणि १९५६ चं ऑलिंपिक सुवर्ण आहे, आणि प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम गार्डला रोखणं हे त्याचं रोजचं काम होतं. शिवाय तेव्हा साखळीत आठ-नऊ संघ होते. मायकेल कूपर जास्त जवळचा: ८.९ गुण, एकही ऑल-स्टार नाही, २०२४ मध्ये आत. पण १९८७ चा तो सर्वोत्तम बचावपटू होता, म्हणजे एका कामात साखळीत पहिला. हॉरी कुठल्या कामात पहिला होता? ‘शेवटच्या क्षणी’ असं उत्तर येईल. ते मनापासून खरं आहे, पण माझ्या लेखी अपुरं. माझं मत: नाही.

याओवर बाजारपेठेचा आरोप होतो, तेव्हा आरोपाचा खरा भाग आधी मान्य करा. आठ ऑल-स्टार निवडींना प्रेक्षकांच्या मतांचं बळ होतं. २०११ मध्ये तो हंगामात पाचच सामने खेळलेला असताना निवडून आला. म्हणून तो रकाना पुसूनच टाका. उरतं काय? ऑल-एनबीए पाच वेळा, ४८६ सामन्यांत १९ गुण आणि ९.२ रिबाउंडची सरासरी, मैदानी फेकांत ५२ टक्के, आणि २.२९ मीटर उंचीच्या माणसाने फ्री थ्रो ८३ टक्के टाकलेले. छोटी कारकीर्द अडचण ठरत नाही. बिल वॉल्टनचे सामने ४६८, सॅम्पसनचे ४५६. मॉरिस स्टोक्स तर दुखापतीने पक्षाघात होण्याआधी तीनच हंगाम खेळला. आणि चीनमध्ये या खेळाला जी उभारी आली तिच्यातला याओचा वाटा बाजारपेठ म्हणून झटकू नका. खेळ पसरवणाऱ्यांसाठी या हॉलमध्ये वेगळा वर्गच आहे. माझं मत: हो.

चेंबर्स कठीण आहे. २०,०४९ गुण, १९८९-९० मध्ये २७.२ ची सरासरी, एका सामन्यात ६० गुण, चारदा ऑल-स्टार, दोनदा ऑल-एनबीए दुसरा संघ. (योगायोग असा की त्याचे आणि हॉरीचे नियमित हंगामातले सामने अगदी सारखे आहेत, ११०७. दोघांची पानं शेजारी ठेवून बघा.) पण वीस हजार ही जादूची रेषा नाही. अँटवॉन जेमिसननेही २०,०४२ केले आणि २०२५ च्या यादीपर्यंत दोघं बाहेरच आहेत. चेंबर्सची खरी उंची दोन-तीन हंगामांची, आणि बचावात तो साधारण. मी नाही म्हणेन, पण माझ्यासमोर कुणी नीट बाजू मांडली तर बदलेनही.

तुम्ही न विचारलेलं एक नाव मला घालायचं आहे: शॉन मॅरियन. सतरा हजारांवर गुण, दहा हजारांवर रिबाउंड, चारदा ऑल-स्टार, दोनदा ऑल-एनबीए, आणि २०११ च्या अंतिम फेरीत लेब्रॉनला रोखण्याचं काम करून डॅलसबरोबर विजेतेपद. पॉइंट गार्डपासून पॉवर फॉरवर्डपर्यंत कुणालाही रोखणारा हा माणूस बचावाच्या सर्वोत्तम संघात एकदाही निवडला गेला नाही, हे मला आजही पटत नाही. तोही २०२५ च्या यादीपर्यंत बाहेर आहे. माझं मत ठामपणे हो.

एका सापळ्यापासून जपा. ‘अमका आत आहे, मग तमका का नको?’ हे वाक्य दिसायला बिनतोड आहे. पण दर वेळी सगळ्यात कमकुवत सदस्याशी तुलना केली की दार दरवर्षी एक बोट रुंद होतं, आणि पाच वर्षांत कुणीही आत जातो. तुलना करायचीच तर त्या भूमिकेतल्या मधल्या सदस्याशी करा. बचावासाठी घेतलेले सहा जण मांडा आणि तिसऱ्या-चौथ्याशी ताडून बघा.

महिला खेळाडूंची पानंही करा. तिथे एकूण बेरीज फारच फसवते. डब्ल्यूएनबीए, म्हणजे महिलांची एनबीए, सुरू झाली १९९७ मध्ये, तेव्हा सिंथिया कूपर चौतिशीत होती. पहिली चारही विजेतेपदं ह्यूस्टनची आणि चारही अंतिम फेऱ्यांत सर्वोत्तम तीच. त्याआधीचा उमेदीचा काळ युरोपात गेला. ल्युशिया हॅरिसने डेल्टा स्टेटला तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली, १९७६ च्या ऑलिंपिकमधलं रौप्य आणलं, आणि पुढे नीट खेळायला साखळीच नव्हती. नसलेल्या साखळीतले गुण तिच्याकडे मागणार का?

मतदानाची रीत अशी ठेवा. एका रविवारी दोनच नावं. पानं गुरुवारपर्यंत ग्रुपवर टाका, म्हणजे आयत्या वेळी कुणी नवा आकडा काढणार नाही. एक जण चार मिनिटं बाजूने बोलेल, दुसरा चार मिनिटं विरोधात, मग दहा मिनिटं प्रश्न. मध्ये बोलणाऱ्याचा प्रश्न विचारायचा हक्क त्या फेरीपुरता गेला. चिठ्ठीवर फक्त हो किंवा नाही, आणि मागे एका ओळीत कारण, नाव न लिहिता. बारा जण असतील तर नऊ मतं लागतील, आठ असतील तर सहा. आठपेक्षा कमी असाल तर मतदान पुढे ढकला, कारण तेव्हा एका माणसाच्या लहरीवर निकाल फिरतो. हात वर करून मत कधीच घेऊ नका. मोठ्यांचा हात बघून धाकटे हात वर करतात, आणि तुमच्याकडे दादा आहेत. हरलेलं नाव वर्षभर परत आणायचं नाही, वर्षानंतर नव्या मुद्द्यासह कुणीही आणावं.

आणि बाजू वाटताना उलटी वाटा. पहिल्या रविवारी वॉलेस आणि हॉरी ठेवा. वॉलेसची बाजू दादांना मांडायला द्या आणि हॉरीची त्यांच्याशी सगळ्यात जास्त भांडलेल्या मित्राला. दादांना फोन कराल तेव्हा वॉलेसचं पान आधीच तयार ठेवा, आणि डेट्रॉइटची २००४ ची अंतिम फेरी बघून या एवढंच सांगा.